दोन कोटींची मोटार आणि विठ्ठलवाडीचा रस्ता

कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मधले विठ्ठलवाडी हे नाव निघाले की लोकलची गर्दी, एसटीचे आगार, वालधुनी नदी आणि खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा डोळ्यांसमोर येतात. जर्मनीहून आलेली दोन कोटींची मोटार त्या चित्रात बसत नाही. तरीही अशा मोटारींचा प्रश्न आता या परिसराला परका राहिलेला नाही. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातील आमणे येथे, म्हणजे कल्याणच्या उंबरठ्यावर आले आहे. युरोपीय महासंघाबरोबरच्या व्यापार कराराने आयात मोटारींवरील शुल्क उतरण्याची वाट मोकळी केली आहे. आणि पुण्यातील एका अपघाताने, बलाढ्य मोटार कोणाच्या हाती असावी हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रासमोर टाकला आहे. अशा वेळी 'चार दारांची शक्तिशाली सेडान घ्यावी की मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार?' ही निवड वरकरणी चैनीची वाटली, तरी तिच्यात मोटारमालकाइतकाच रस्त्यावरच्या इतरांचाही संबंध आहे.

एकच किंमत, दोन स्वभाव

२०२४ मध्ये भारतीय बाजारपेठेत एक योगायोग घडला. पोर्शेने आपल्या सुधारित '९११ करेरा'ची शोरूममधील किंमत १ कोटी ९९ लाख रुपये जाहीर केली; आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीएमडब्ल्यूने नवी 'एम-५' नेमक्या त्याच किमतीला भारतात आणली. दोन्ही मोटारी जर्मनीत तयार होऊन येथे येतात. किमतीचा फरकच नाहीसा झाल्यामुळे निवड निव्वळ स्वभावावर येऊन ठेपली.

एम-५ मध्ये ४.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर आहे. दोघांची एकत्रित शक्ती ७२७ अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती साडेतीन सेकंदांत गाठते. चार दारे, पाच आसने, सामानाची जागा, चारही चाकांना शक्ती. करेराकडे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन आहे आणि शक्ती ३९४ अश्वशक्ती, म्हणजे एम-५ च्या निम्म्याहून थोडी अधिक. तरीही तोच वेग गाठायला तिला साधारण चार सेकंदच लागतात. शक्ती जवळपास निम्मी असताना फरक अवघा अर्ध्या सेकंदाच्या आसपास कसा, याचे उत्तर वजनात आहे. एम-५ चे वजन २४३५ किलोग्रॅम, तर करेराचे सुमारे १५२० किलोग्रॅम आहे. एका टनामागे हिशेब केला तर सेडानच्या वाट्याला सुमारे ३०० आणि करेराच्या वाट्याला सुमारे २६० अश्वशक्ती येते. जाहिरातीत डोंगराएवढी दिसणारी दरी काट्यावर ठेवली की अशी आकसते.

हे वजन कसे वाढत गेले हेही पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये जगासमोर आलेली पहिली एम-५ २८६ अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन सुमारे १४३० किलो होते. चाळीस वर्षांत त्या नावाची मोटार तब्बल एक टनाने जड झाली. त्या मानाने १९६४ मध्ये विक्रीस आलेली ९११ सुमारे १०८० किलोंची होती. साठ वर्षांत तिच्यात भर पडली ती साडेचारशे किलोंच्या आत. दोन्ही घराण्यांनी वेग वाढवला. एकाने तो शक्तीच्या भरवशावर वाढवला, दुसऱ्याने वजनाला आवर घालून.

मागच्या इंजिनाचे शास्त्र

इंजिन मागे असणे ही विठ्ठलवाडीकराला नवलाई नाही. बजाजने १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आणली आणि स्थानकाबाहेरच्या रांगेत तीच रुळली. पुण्याला जाणाऱ्या शिवनेरीच्या व्होल्वो बसचे इंजिनही मागेच असते. २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोचेही तसेच होते. या साऱ्यांत इंजिन मागे टाकण्याचे कारण जागेची बचत हे होते: पुढचा भाग मोकळा राहतो आणि प्रवाशांना पाय पसरायला वाव मिळतो.

पोर्शेच्या बाबतीत याला दुसरे परिमाण आहे. ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही पलीकडे बसवलेले असते, त्यामुळे एकूण वजनापैकी सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर येतो. मोटार वेग घेते तेव्हा भार आणखी मागे सरकतो आणि शक्ती मिळणारी चाके रस्त्याला घट्ट धरतात. ब्रेक लावला की भार पुढे जातो, पण मागे मुळातच वजन असल्याने चारही चाके थांबवण्याच्या कामात नीट वाटा उचलतात. फायदा हा आहे आणि तोटाही याच रचनेतून निघतो. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी पडतात आणि मागे लटकलेले इंजिन मोटारीचा मागचा भाग वळणाबाहेर ओढू लागते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढची चाके हलकी असण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हा दोष काल्पनिक नव्हता. पोर्शेने १९६८ च्या सुमारास ९११ च्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, ते तोल सावरण्यासाठीच. सत्तरच्या दशकातील तिच्या टर्बो आवृत्तीला तर 'विधवा करणारी' असे भीषण टोपणनाव पडले. अमेरिकेत मागे इंजिन असलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरवर राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये आपल्या गाजलेल्या पुस्तकातून हल्ला चढवला आणि तेथील वाहन सुरक्षा कायद्याच्या चळवळीला बळ मिळाले. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या चाचणीत कॉर्व्हेअर तिच्या समकालीन मोटारींपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. आजच्या ९११ मध्ये रुंद टायर, सुधारित सस्पेन्शन आणि चाक घसरू लागताच हस्तक्षेप करणारी संगणकीय यंत्रणा आहे. ओल्या रस्त्यावर चाकांच्या कमानीत उडणाऱ्या पाण्याचा आवाज टिपून चालकाला सावध करणारी सोयही तिच्यात आहे. ठाणे जिल्ह्यातील पावसाळ्यात तिचा उपयोग कागदापुरता राहणार नाही. पण यंत्रणा चूक सावरते; पदार्थविज्ञानाचे नियम बदलत नाही.

या मोटारीच्या नावाशी कल्याणचा एक दूरचा धागा जुळतो. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती '९०१' या नावाने मांडली गेली होती. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समधील हक्क सांगून प्यूजोने हरकत घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. त्याच प्यूजोची, मध्ये शून्य मिरवणारी '३०९' ही मोटार नव्वदच्या दशकात प्रीमियरच्या भागीदारीतून कल्याण येथील कारखान्यात तयार होत होती. भागीदारी फार टिकली नाही. कल्याण-शिळ रस्त्यावर आज प्रीमियरचे नाव उरले आहे ते कॉलनी आणि मैदानाच्या रूपाने. मोटारी घडवणारा हा पट्टा आता घरे विकणारा आणि मोटारी विकत घेणारा झाला आहे.

रस्ता काय म्हणतो

निवड करताना ग्राहक सहसा माहितीपत्रक उघडतो. विठ्ठलवाडीच्या ग्राहकाने त्याआधी फूटपट्टी घेऊन इमारतीच्या आवारात उतरावे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या वाहनतळाची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली जाते. एम-५ ची लांबी ५ मीटर ९ सेंटिमीटरांहून किंचित अधिक आणि रुंदी आरशांखेरीज १ मीटर ९७ सेंटिमीटर आहे. म्हणजे नियमाने आखलेल्या चौकटीतून तिचे नाक वा शेपूट बाहेर राहणार. करेरा सुमारे साडेचार मीटर लांब व १ मीटर ८५ सेंटिमीटर रुंद असल्याने ती चौकटीत बसते, मात्र तिची लांब दारे पूर्ण उघडायला शेजारी जागा हवी. कल्याण पूर्वेतील जुन्या इमारतींमध्ये जेथे जिन्याखालच्या दुचाकींवरून वाद होतात, तेथे हे सेंटिमीटर क्षुल्लक नाहीत.

दुसरा प्रश्न गतिरोधकांचा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता यावा, अशी त्यामागची कल्पना आहे. नगरपालिकांच्या हद्दीत प्रत्यक्षात उभे राहणारे अरुंद, टोकदार उंचवटे या निकषाला कितपत धरून असतात, हे प्रत्येक दुचाकीस्वाराची कंबर सांगेल. स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची निकषातील त्या दहा सेंटिमीटरांहून फार अधिक नसते. यासाठी पोर्शे ज्यादा पैसे घेऊन पुढचा भाग सुमारे चार सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा देते. या भागात तरी ती चैन न मानता गरज मानावी.

तिसरा प्रश्न टायरचा. करेराच्या पुढच्या टायरची रबरी भिंत सुमारे ९४ मिलिमीटर आणि मागच्याची सुमारे १०३ मिलिमीटर उंच असते. एम-५ च्या पुढच्या टायरची सुमारे ११४. काठ तुटलेल्या खड्ड्यात चाक आदळले की हा पातळ थर आणि त्याआडचे मिश्रधातूचे चाक दोन्ही धोक्यात येतात. या टायरचे आकार नेहमीच्या दुकानात मिळत नाहीत आणि पुढचे टायर मागे बसवता येत नाहीत. पावसाळ्यात वालधुनीला फुगवटा आला की सखल भागांत पाणी साचते. २६ जुलै २००५ ची आठवण या परिसरात अजून पुसलेली नाही. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. दोन्हीपैकी कोणतीही मोटार घेणाऱ्याने ती टाळू नये.

रोजच्या रखडपट्टीत मात्र सेडानची बाजू वरचढ ठरते. कंपनीच्या दाव्यानुसार एम-५ सुमारे ६७ ते ६९ किलोमीटर निव्वळ विजेवर जाऊ शकते. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेमार्गाचे अंतर ५० किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. म्हणजे मेट्रोच्या कामांतून, शिळफाट्याच्या कोंडीतून सरकत जाणारी ही राक्षसी मोटार पेट्रोलचा थेंबही न जाळता मुंबईपर्यंत पोहोचू शकेल, निदान कागदावर तरी. अट एवढीच की इमारतीच्या वाहनतळावर चार्जिंगची सोय असावी आणि सोसायटीने तिला परवानगी द्यावी. ती नसेल तर बॅटरी आणि विजेची मोटर हे नुसते ओझे ठरते, आणि ग्राहक शेकडो किलोंचा भार पेट्रोल जाळून वाहत राहतो.

सरकारी तिजोरीचा वाटा

या मोटारींच्या किमतीचा मोठा भाग इंजिनासाठी नव्हे तर कर म्हणून जातो. युरोपातून येणाऱ्या संपूर्ण तयार महागड्या मोटारीवर सीमाशुल्क सुमारे ११० टक्के राहिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची '२८ टक्के अधिक उपकर' ही जुनी रचना जाऊन मोठ्या मोटारींवर सरसकट ४० टक्के कर लागू झाला. बंदरावर शंभर रुपये मूल्य असलेली मोटार ११० टक्के शुल्काने २१० रुपयांची होते आणि त्यावर ४० टक्के कर चढला की २९४ रुपयांची. विक्रेत्याचा नफा वेगळा.

त्यानंतर राज्याचा कर येतो. महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदवलेल्या मोटारीवर २० टक्के एकरकमी वाहन कर आहे. १ कोटी ९९ लाखांवर तो ३९ लाख ८० हजार होईल. पण कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे. म्हणजे 'एमएच-०५' ही कल्याणची पाटी लावण्यापूर्वी दोन्ही मोटारींना प्रत्येकी ३० लाख मोजावे लागतील. मर्यादेचा एक परिणाम असा की दीड कोटीच्या वर किंमत कितीही वाढली तरी कर वाढत नाही. मोटार जितकी महाग, तितका कराचा प्रत्यक्ष दर कमी.

२७ जानेवारी २०२६ रोजी भारत आणि युरोपीय महासंघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्यानुसार युरोपीय मोटारींवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली यायचे आहे, वर्षाला अडीच लाख मोटारींच्या मर्यादेत. वरचाच हिशेब १० टक्के शुल्काने केला तर शंभरची मोटार ११० ची आणि कर धरून १५४ ची होते. २९४ वरून जवळपास निम्मी. शोरूममधील किंमत तितकीच उतरेल असे समजणे भोळेपणाचे ठरेल, कारण शुल्क एका दिवसात घसरणार नाही आणि वाचलेल्या रकमेतील काही वाटा कंपन्याही ठेवतील. कोणत्या प्रकारच्या मोटारीला कोणत्या वर्षी किती सवलत, यावर बरेच अवलंबून आहे. पण दिशा स्पष्ट आहे. आज दोन कोटींची असलेली शक्ती उद्या बरीच कमी पैशांत मिळेल. घाई नसलेल्या ग्राहकाने थांबावे, हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ शहरासाठी अधिक महत्त्वाचा आहे: अशा मोटारींची संख्या वाढणार आहे आणि रस्ते व कायदा यांनी त्याची तयारी केलेली नाही.

वेग लपवणारी आणि वेग दाखवणारी

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह काही तासांतच मिळालेल्या जामिनावरून देशभर संताप उसळला. मोटारीची कायमस्वरूपी नोंदणीही झालेली नव्हती. सर्वत्र 'पोर्शे अपघात' म्हणून ओळखल्या गेलेल्या या घटनेतील मोटार ९११ नव्हती, तर पोर्शेची टायकान होती: चार दारांची, विजेवर चालणारी, दोन टनांहून जड अशी स्पोर्ट्स सेडान. सामान्य समजुतीत धोका म्हणजे बसकी, गुरगुरणारी, दोन दारांची मोटार. प्रत्यक्षात त्या पहाटे रस्त्यावर होती ती कुटुंबाने बसून जावी अशा घडणीची गाडी.

येथे दोन्ही स्वभावांतील खरा फरक पुढे येतो. जड, शांत, चारही चाकांनी रस्ता धरणारी सेडान ताशी १२० किलोमीटरला ६० सारखी भासते. आवाज दाबलेला, आसन गुबगुबीत, खिडकीबाहेरचे जग दूर. वेग वाढल्याची जाणीव चालकाला होते ती बहुधा काट्याकडे पाहिल्यावर. मागे इंजिन असलेली हलकी मोटार तेवढ्याच वेगाला कानाशी बोलते, सुकाणूतून हाताला सांगते, खड्ड्यातून पाठीला आठवण देते. तिच्या चालकाला कमी वेगातही काही करत असल्याचे समाधान मिळू शकते. सेडानच्या चालकाला तेच समाधान मिळवायला वेग आणखी वाढवावा लागतो.

आणि धडक झालीच तर हिशेब कठोर असतो. समान वेगाला २४३५ किलोंच्या मोटारीतील गतिज ऊर्जा १५२० किलोंच्या मोटारीपेक्षा १.६ पट असते. वेग दुप्पट केला की ती चौपट होते. आत बसलेल्यांना वजन काहीसे संरक्षण देते; बाहेरच्या दुचाकीस्वाराच्या वा पादचाऱ्याच्या वाट्याला तेच वजन येते.

कायद्यात या फरकाला जागा नाही. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या हलक्या वाहनांसाठी एकच परवाना आहे. छोट्या हॅचबॅकवर चाचणी दिलेला अठरा वर्षांचा तरुण दुसऱ्या दिवशी ७२७ अश्वशक्तीची मोटार कायदेशीरपणे चालवू शकतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२४ पासून अतिशक्तिशाली मोटारींसाठी वेगळा परवाना आवश्यक झाला. इटलीत नव्या परवानाधारकांवर शक्तीची मर्यादा आहे. पण ऑस्ट्रेलियातील निकषातही एक मेख आहे. तेथे टनामागे २७६ किलोवॉट ही रेषा आखली आहे. एम-५ ची शक्ती टनामागे सुमारे २२० किलोवॉट भरते, म्हणजे ती त्या रेषेखालून सहज निसटते. वजन भागाकाराच्या खालच्या बाजूला गेले की जड मोटार कागदावर सौम्य दिसू लागते. भारताने असा नियम कधी केलाच, तर शक्तीइतकेच वजनही मोजावे लागेल.

दंडाचे स्वरूपही विचारात घेण्यासारखे आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास एक ते दोन हजार रुपये दंड आहे. दोन हजार म्हणजे दोन कोटींचा दहाहजारावा भाग. अल्पवयीनाच्या हाती मोटार देणाऱ्या पालकाला वा मालकाला मात्र त्याच दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द करण्याची तरतूद केली आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाकारला. घरात वयात येणारी मुले असतील, तर मोटारीची चावी कोठे ठेवायची हा निर्णय मोटार निवडण्याइतकाच गंभीर आहे.

समृद्धीचे आमिष

विठ्ठलवाडीहून गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या दिशेने निघाले की आमणे फार दूर नाही. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटर वेग धरून झाली आहे. मोटारींना परवानगी कमाल १२० ची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० आणि घाटात ६० ही मर्यादा असून २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा तिच्यावर नजर ठेवते. करेराचा कमाल वेग ताशी २९४ किलोमीटर. एम-५ चा २५० वर रोखलेला आणि ज्यादा पैसे भरल्यास ३०५. म्हणजे राज्यातील सर्वांत वेगवान रस्त्यावरही दोघींच्या क्षमतेचा निम्म्याहून कमी भाग वापरता येतो. उरलेला भाग वापरायचा तर शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर जावे लागेल, आणि त्यासाठी नाव घ्यावे असे मार्ग चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत.

समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी मार्गावर वेग जाणवत नाही आणि डोळ्यांवर झापड येते, हे तेथील अपघातांच्या चर्चेत वारंवार पुढे आले आहे. वेग लपवणारी मोटार आणि वेग लपवणारा रस्ता यांची गाठ पडणे, हा या निवडीतील सर्वांत कमी बोलला जाणारा धोका आहे. मागच्या आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावणे ही त्यावरची सर्वांत स्वस्त उपाययोजना. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, ही बाब तपासात समोर आली. सेडान घेण्याचे मुख्य कारण जर मागचे आसन असेल, तर हा धडा तिच्या खरेदीदाराने सर्वांत आधी घ्यावा.

मग कोणती?

घरात एकच मोटार असणार असेल, आई-वडील आणि मुले तिच्यातून जाणार असतील, तर प्रश्न तेथेच संपतो: सेडान. करेराचे मागचे आसन हवे असल्यास मिळते, पण त्यावर प्रौढ माणूस बसवणे ही शिक्षा आहे. मात्र हा निर्णय घेणाऱ्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा. कुटुंबासाठी सेडान हवी हे मान्य केले, तर ७२७ अश्वशक्ती कोणासाठी हवी? त्याच घडणीची, निम्म्या शक्तीची सेडान बऱ्याच कमी पैशांत तेच काम करते, आणि शिळफाट्याच्या कोंडीत दोघींचा वेग सारखाच असतो.

घरात प्रवासासाठी दुसरी मोटार असेल, मालक स्वतः चालवणार असेल आणि चालवणे शिकण्याची त्याची तयारी असेल, तर मागे इंजिन असलेली मोटार अधिक प्रामाणिक निवड ठरते. ती कमी शक्तीत, कमी वजनात आणि कायद्याच्या मर्यादेत राहूनही पैशांचा मोबदला देते. शिवाय चालकाच्या चुका झाकत नाही. चालक ठेवून मागे बसायचे असेल तर तिचा विचारही करू नये. आणि ज्याला केवळ आकड्यांचा मोठेपणा हवा आहे, त्याला दोन्ही मोटारी लवकरच अपुऱ्या वाटतील, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी आणखी मोठा आकडा छापणारच.

शहराच्या बाजूने पाहता निवड आणखी सोपी आहे. मोटार कितीही महाग असली तरी तिला विठ्ठलवाडीच्या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, हातगाडी आणि लोकल पकडायला धावणारा माणूस यांच्यामधूनच जायचे आहे. आयात शुल्क उतरेल तशी ही शक्ती अधिक हातांत जाईल. ते हात प्रशिक्षित असावेत, परवाना त्या शक्तीला साजेसा असावा आणि दंड मोटारीच्या किमतीपुढे हास्यास्पद ठरू नये, याची व्यवस्था शुल्ककपातीच्या आधी व्हायला हवी. व्यापार कराराच्या वेळापत्रकाला तारखा आहेत. या व्यवस्थेच्या वेळापत्रकाला अद्याप एकही नाही.